लाइफ जॅकेट घालून म्हटलेलं 'नको'

मला सिंगापुरात मुलाकडे राहायचं होतं. कायमचं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते. नाहीतर नेहमीसारखं इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मुद्द्याचं राहूनच जाईल.

यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, म्हणजे दोन हजार चौदा-पंधराची. मुलगा पुण्याला आला, फ्लॅटला कुलूप लावलं आणि 'तीन महिने चल' म्हणून मला घेऊन गेला. तो चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आयटीचं काम करायचा. सून एका प्रयोगशाळेत संशोधक, मूळची नाशिकची. नात तेव्हा तिसरीत होती. राहायला बुकित तिमाहला, एका काँडोत, आठव्या मजल्यावर. मागे टेकडीचं जंगल, आणि त्या जंगलाला काँडोची भिंत मान्य नव्हती. सकाळी शेजाऱ्यांच्या एसीच्या डब्यावर धनेश येऊन बसायचा. चांगला कोंबड्याएवढा पक्षी, चोचीवर शिंगासारखा उंचवटा घेऊन, जणू भाडं मागायला आलाय असा. स्विमिंग पूलच्या कडेनं रानकोंबड्या पिल्लांना घेऊन जायच्या. माकडं ब्रेडची पिशवी पळवायची आणि वॉचमन काठी आपटत मागे धावायचा.

मी जन्मभर ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पुण्यात निवृत्तीनंतर कबुतरं हाकलण्यापलीकडे माझा पक्ष्यांशी संबंध उरला नव्हता. इथे चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभं राहिलं की तासभर कसा जायचा कळायचं नाही. दुपारी नात शाळेतून आली की मेतकूट-भात कालवून ठेवायचा. ती मराठी ऐकायची आणि उत्तर द्यायची तिच्या भाषेत. "आजी, मोर कॅन ऑर नॉट?" म्हणजे अजून भात मिळेल का. मी म्हणायचे, "कॅन." यजमान गेल्यावर पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटत होतं. एवढं कारण पुरेसं आहे, नाही का?

मग सांगितलं का नाहीस, असं कुणीही विचारेल. आमच्याकडे तसं सांगत नाहीत. मुलाच्या घरी राहायचं तर ते मुलानं म्हणायचं असतं. आपण होऊन म्हणणं म्हणजे गळ्यात पडणं. आणि त्यानं म्हटल्याबरोबर हो म्हणणं म्हणजे टपूनच बसल्यासारखं. तेव्हा पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. त्यांनी पुन्हा म्हणायचं. आपण 'तुम्हाला अडचण कशाला' म्हणायचं, त्यांनी जरा रागवायचं, मग आपण 'बरं बाई, एवढं म्हणताय तर' असं म्हणून पदर खोचायचा. वाढपी आला की ताटावर आडवा हात धरायचा आणि बोटांच्या फटीतून जिलबी पडली की ती खायची, तसंच हे. ही रीत कुणी शिकवत नाही. ती लहानपणीच अंगात मुरते.

तर मी वाट बघत होते. पहिला महिना गेला, दुसरा निम्मा झाला. मुलगा काही बोलेना. एका शनिवारी मात्र तो लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आई, एक छोटं जहाज जातंय. इंडोनेशियातली सुंबावाकडची बेटं, ज्वालामुखीची. पक्षी दाखवतात. तुझी ती कोंबडी आहे तिकडे."

माझी ती कोंबडी म्हणजे मेगापोड. हा पक्षी अंड्यावर बसत नाही. पालापाचोळा आणि माती पायांनी मागे उडवत माणसाहून उंच ढिगारा करतो, त्यात अंडी पुरतो, आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते. काही ज्वालामुखीच्या बेटांवर तर जमीनच गरम, मग तेवढाही खटाटोप नाही. पिल्लू आतून आपलं आपण उकरत वर येतं, अंगावर पूर्ण पिसं घेऊन, आणि चालायला लागतं. आईबापाची ओळखदेखील होत नाही. आपल्या देशात तो फक्त निकोबारला आहे, आणि निकोबारला कुणी जाऊ देत नाही. दरवर्षी अकरावीच्या वर्गात मी हा पक्षी फळ्यावर काढायची, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "बाई, मज्जा आहे की त्या कोंबडीची." जो प्राणी मी जन्मभर शिकवला तो एकदा डोळ्यांनी बघावा, ही माझी जुनी हौस. मुलानं ती लक्षात ठेवली होती. मला इतकं भरून आलं की मी म्हटलं, "कशाला एवढा खर्च?"

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, बुकिंग झालंय." नाशिकची पोर. तिला रीत ठाऊक होती, म्हणून तिनं विचारण्याची भानगडच ठेवली नव्हती.

हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून जहाजात बसलो. मी भडंग, दाण्याची चटणी आणि खाकरे घेतले होते. कॉलेजनं निरोपसमारंभात दिलेली दुर्बीण गळ्यात होती. जहाज खरंच लहान होतं. जेवायच्या वेळी सगळे प्रवासी एकाच खोलीत मावायचे. बहुतेक ऑस्ट्रेलियाचे आणि युरोपातले म्हातारे, अंगावर खिसेच खिसे असलेले कपडे. जावा समुद्रातून जाताना उडते मासे दिसले, डॉल्फिन दिसले. सुनेला बोट लागली, ती पडून राहिली. नात मात्र डेकवर माकडासारखी. सगळं कसं छान चाललं होतं.

आणि मग तो दिवस आला. उजाडता उजाडता समोर बेट. समुद्रातून सरळ वर आलेला डोंगर, वरचा भाग ढगात, खाली काळी वाळू आणि तिला लागून गच्च झाडी. एका सुळक्यावर समुद्रगरुड बसलेला. गाईड बाई उंच, उन्हानं रापलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी नाश्त्याच्या वेळी फळ्यावर माझा पक्षी काढला. मी काढायचे त्यापेक्षा वाईट, पण असो. म्हणाल्या, रबरी होडीनं किनाऱ्याला जायचं, गुडघाभर पाण्यात उतरायचं, अर्धा तास चालायचं, तिथे ढिगारा आहे. सकाळच्या वेळी पक्षी हमखास येतो. संध्याकाळी जहाज पुढे निघणार, म्हणजे ही एकच फेरी.

मी सगळ्यांच्या आधी तयार होते. लाइफ जॅकेट घातलं, टोपीची नाडी हनुवटीखाली बांधली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली. म्हणजे कुणीही बघून सांगावं की ही बाई निघाली आहे. मुलगा नातीला घेऊन आधी होडीत उतरला आणि खाली वाकून तिच्या जॅकेटचे पट्टे आवळत बसला. माझी पाळी आली. गाईड बाईंनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग अगदी मायेनं, इंग्रजीत म्हणाल्या, "किनाऱ्यावर दगड फार निसरडे आहेत. तुम्हाला यायला आवडेल, की इथे आराम कराल?"

आता त्यांनी 'चला' म्हणायला हवं होतं. हात पुढे करायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी विचारलं. आणि एवढ्या माणसांसमोर, आपल्या गुडघ्यांपायी इतरांचा खोळंबा नको अशी भीड आड आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नो, नो. यू गो."

माझी अपेक्षा होती की त्या म्हणतील, अहो असं काय, चला, मी धरते. मग मी म्हणणार होते, उगाच तुम्हाला त्रास. मग त्या म्हणतील, त्रास कसला. त्या म्हणाल्या, "नो प्रॉब्लेम," छान हसल्या, होडीवाल्याला खूण केली आणि होडी निघाली. मुलानं मान वर केली तेव्हा मध्ये दहा-पंधरा हात पाणी पडलं होतं. त्यानं हातानंच विचारलं, काय झालं? मी हातानंच सांगितलं, जा जा. तसा हात हलवायची माझ्या हाताला सवयच आहे.

मी तिथेच उभी राहिले, लाइफ जॅकेटसकट. मला इतका राग आला होता! आधी गाईड बाईंचा. काय हे वळण, एकदा विचारून मोकळं व्हायचं! मग मुलाचा, की पट्टे आवळायला हीच वेळ सापडली. मग सुनेचा, की नेमकी आज खोलीत पडून आहे. सगळ्यांचा राग करून झाल्यावर उरले मी. तेवढ्यात जहाजावरचा वाढपी आला आणि अदबीनं म्हणाला, "टी, मॅडम?" मी म्हटलं, "नो, नो, थँक यू." तो गेला. मला चहा हवा होता हो! कपाळावर हात मारून घेतला.

दुर्बिणीतून मी बेट बघत बसले. गरुड खाली झेपावून मासा घेऊन गेला. झाडांवर वटवाघळं लटकलेली, मोठाली, मधूनच एखादं पंख उघडून वारा घेत होतं. एक घोरपड वाळूवरून रमतगमत चालली होती. इतर कुठल्या दिवशी मी हरखून गेले असते. पण माझे डोळे त्या झाडीच्या आत लागले होते, आणि झाडीच्या आतलं दुर्बिणीला दिसत नाही.

मंडळी परत आली ती चिखलानं माखलेली आणि खूश. नात शिडीवरूनच ओरडली, "आजी! वी सॉ युअर चिकन!" दोन पक्षी होते म्हणे. केशरी पाय. ढिगाऱ्यावर चढून पाला असा मागे उडवत होते की नातीच्या टोपीवर आला. मुलानं मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. त्यात पाला होता, उजेड होता, आणि मधे एक तपकिरी डाग. "हाच तो," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "हो का, सुंदर."

नातीला माझा चेहरा कळला असावा. ती मांडीवर येऊन बसली. "आजी, व्हाय यू नेव्हर कम?" असं काहीसं म्हणाली ती, तिच्या त्या तिथल्या इंग्रजीत. मी म्हटलं, "अगं, त्यांनी परत विचारलंच नाही."

"बट यू सेड नो लाह!"

"म्हणून काय झालं? माणसानं दोनदा-तीनदा विचारावं."

ती चक्रावली. शाळेत त्यांना शिकवलं होतं की समोरचा नको म्हणाला की थांबायचं. तो नको म्हणजे नकोच. तिच्या बाईंनी चांगलंच शिकवलं होतं. मी स्वतः मुलींच्या वर्गात हेच कंठशोष करून सांगायची. नात म्हणाली, "नेक्स्ट टाइम यू वॉन्ट, यू जस्ट से येस. सो ईझी." मी म्हटलं, "बरं." आणि मनाशी कानाला खडा लावला. शप्पथ, खरंच लावला होता. यापुढे हवं असेल तर हो म्हणायचं. साठी उलटली म्हणून काय झालं, माणूस शिकतं.

संध्याकाळी जहाज हललं. बेट मागे पडत होतं, डोंगराच्या माथ्यावरचा ढग तांबूस झाला होता. आता काळी वाळू दिसत नव्हती, नुसता आकार. सूनबाई जरा बरी होऊन नातीला आंघोळ घालायला गेली होती. डेकवर मुलगा आणि मी दोघंच. तो कठड्याला टेकून उभा होता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आई, पुण्याला एकटी काय करणारेस? इथेच राहा की आमच्याजवळ. लाँग टर्म पास काढता येईल. मी चौकशी केलीय."

ज्यासाठी दोन महिने जीव टांगला होता, ते वाक्य आलं होतं. त्यानं चौकशीसुद्धा केली होती. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हो म्हणायचं, एवढंच काम होतं. सकाळीच तर ठरवलं होतं.

मी म्हटलं, "नको रे. तुमचा संसार, तुमच्या नोकऱ्या. मी कशाला मधे?"

शब्द निघाले आणि मला कळलं की झालं. जीभ आपली आपण चालली होती, माझ्या आधी. पण अजून फार बिघडलेलं नव्हतं. हा काही गाईड बाई नव्हता, हा माझा मुलगा होता. माझ्या हातचं खाऊन, माझ्याबरोबर पंगतीत बसून वाढलेला. तो आता म्हणेल, मधे कसली, वेडी आहेस का. मी वाट बघत राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. कठड्यावरचा माझा हात हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "तुला हवं तसं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आता काय म्हणू? की अरे, मी तसं म्हणायचं म्हणून म्हटलं? तेवढ्यात नात ओल्या केसांनी धावत आली, जेवायला चला म्हणून. आम्ही गेलो. सून शेजारी बसली होती. तिनं न विचारता माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला आणि मी तो सगळा संपवला.

बालीहून विमानानं सिंगापूरला परतलो. उरलेले दिवस मी घरभर वाट बघत फिरले. तो ऑफिसला निघाला की दारात जास्त वेळ उभी राहायची. रविवारी हॉकर सेंटरला जेवायला गेलो की त्याच्या शेजारची खुर्ची धरायची. एकदा एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, दोघंच होतो, बराच लांबचा प्रवास. मी मुद्दाम म्हटलं, "पुण्याला आता गरम व्हायला लागलं असेल." तो म्हणाला, "तिथे बेडरूमला एसी बसवून घेऊ या का?" किती चांगला मुलगा! मला रडू आलं तर मी खिडकीबाहेर बघितलं, आणि बाहेर होता बोगदा.

सुनेला तरी सांगावं असं दहादा मनात आलं. पण सासूनं सुनेला सांगायचं की मला तुझ्या घरात ठेवून घे? त्यापेक्षा मूग गिळले. आणि तिनं तरी काय म्हणावं? आग्रह करावा तर नवऱ्यानं आईचं म्हणणं मानलेलं, त्याच्या वरचढ कसं व्हायचं. तिलाही भीड असेलच की. आमच्या घरात भिडेची काही कमतरता नव्हती. परतीच्या दिवशी एअरपोर्टवर तिनं मला घट्ट मिठी मारली आणि काहीतरी म्हणायला गेली, मग नुसतीच रडली.

पुढे दोन-तीन वर्षांत त्यांनी सिंगापूर सोडलं. नोकरीपायी कॅनडाला गेले. तिथलं गणित वेगळं, थंडी वेगळी. आता नात उंच झाली आहे, मेतकूट-भात विचारत नाही. मी पुण्यात बरी आहे. सोसायटीत बायका आहेत, दुपारी वाचनालय आहे. एसी आहे.

गेल्या वेळी मुलगा आला तेव्हा आमच्या एका भाच्याच्या मुलाची मुंज होती. पंगत बसली. मी मुलाच्या शेजारी होते. यजमानीणबाई जिलबीचं ताट घेऊन आल्या. मला साखर वर्ज्य, सगळ्यांना ठाऊक. मी ताटावर हात आडवा धरला. त्या म्हणाल्या, माझी शपथ. मी म्हटलं, नको हो. त्या म्हणाल्या, एकच, नाहीतर मी रागवेन. आणि मी हात काढला आणि जिलबी खाल्ली. मुलगा बघत होता.

घरी आल्यावर तो बाल्कनीत माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, तुला लहानपणापासून बघतोय. कुणी दुसऱ्यांदा म्हटलं की तू मोडतेस. नको असलेलं खातेस, नको तिथे जातेस, नको असलेली माणसं ठेवून घेतेस. बाबांनी, आजीनं, सगळ्यांनी तुझ्याकडून असंच सगळं करून घेतलं. मला फार राग यायचा."



"म्हणून त्या बोटीवर मी तुला परत विचारलं नाही," तो म्हणाला. "जिभेवर आलं होतं. खूप वाटत होतं, तू राहावीस. पण म्हटलं, मी पुन्हा म्हटलं तर ही माझ्यासाठी हो म्हणेल आणि जन्मभर मनाविरुद्ध राहील. एकदा तरी हिच्या मनासारखं होऊ दे."

समोरच्या इमारतीत कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मला वाटलं, आपण मोठ्यानं ओरडावं. मग तो आवाज बदलून म्हणाला, "तुला खरंच नव्हतं ना राहायचं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. केस पिकायला लागले होते. इतकी वर्षं हा एका गोष्टीचं समाधान उराशी धरून बसला होता, की आईच्या बाबतीत आपण एक तरी गोष्ट बरोबर केली. खरं सांगायची हीच वेळ होती, हे मला कळत होतं. आणि खरं सांगितलं तर ते उद्यापासून जन्मभर त्याला सलत राहील, हेही कळत होतं.

"छे रे," मी म्हटलं. "मला कुठलं करमतंय तिकडे."

त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. तो हसला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही.